पैसे कट झाले, ऑर्डर दिसेना

‘दादा, सप्रेम नमस्कार. मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते, वय ६३. माझी लेक पुण्यात कोथरूडला नव्या घरात राहायला गेली आहे, १९ तारखेला वास्तुशांत. तिला मिक्सर पाठवावा म्हणून ३ तारखेला रात्री साडेअकराला मोबाइल घेऊन बसले. मिक्सर ३,७९९ रुपयांचा होता, शेवटच्या पानावर ३,८४९ झाले. यूपीआयचा पिन टाकला, चाक फिरत राहिलं आणि “पेमेंट फेल” असं आलं. तेवढ्यात बँकेचा मेसेज आला की पैसे कट झाले. “फक्त २ शिल्लक” असं दिसत होतं म्हणून लगेच पुन्हा केलं, पुन्हा तसंच. मग डेबिट कार्ड टाकलं, ते घेतलंच नाही. सकाळी बघते तर एक ऑर्डर लागलेली, पैसे मात्र दोनदा गेलेले. इंटरनेटवर शोधून कस्टमर केअरला फोन लावला. त्या माणसाने कार्डाचे शेवटचे चार आकडे विचारले, ते सांगितले. मग एक ॲप टाका म्हणाला तेव्हा मला शंका आली आणि मी फोन ठेवला. मुलाला काही बोलले नाही. तो म्हणेल, आई, तुला कोणी सांगितलं होतं हे उद्योग करायला. माझे ३,८४९ रुपये बुडाले का? आणि माझं चुकलं कुठे?’

ताई, नमस्कार.

पैसे बुडालेले नाहीत. हे आधी वाचा, एक घोट पाणी प्या, मग पुढचं वाचा.

मी बँकेच्या काउंटरवर २८ वर्षं काढली आहेत. पैसे गेल्याच्या भीतीने माणसाचे हात कसे थरथरतात ते मी काचेच्या अलीकडून रोज पाहिलं आहे. तुमच्या पत्रातली अक्षरं मधेच मोठी झाली आहेत, ओळी खाली उतरल्या आहेत, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. कुठलं बटण दाबायचं एवढंच सांगून भागणार नाही. आत काय घडतं ते एकदा कळलं की पुढच्या वेळी तुम्ही स्वतःच शांत राहाल.

तुम्ही मंगळबाजारात भांडं घेता तेव्हा पैसे देणं आणि वस्तू हातात पडणं एकाच जागी, एकाच क्षणी होतं. मोबाइलवर तसं नसतं. दुकान एका ठिकाणी, तुमची बँक दुसऱ्या ठिकाणी, आणि दोघांमध्ये निरोप पोचवणारी तिसरीच यंत्रणा, तिला पेमेंट गेटवे म्हणतात. तुम्ही पिन टाकला की निरोप बँकेकडे जातो, बँक पैसे काढते आणि ‘मिळाले’ असा निरोप त्याच वाटेने दुकानाकडे परत यायचा असतो. आपल्या वेळची मनिऑर्डर आठवा. पोस्टमनने गावी पैसे दिलेले असायचे, पण सहीची पोच परत यायला वेळ लागायचा, आणि पोच येईपर्यंत इकडे जीव टांगणीला. तुमच्या बाबतीत तेच झालं. पैसे निघाले, पोच वाटेत अडकली. दुकानाचं पान ठरावीक वेळ थांबतं, पोच आली नाही की ‘फेल’ लिहून मोकळं होतं. ते ‘फेल’ दुकानाच्या पानाने म्हटलं होतं, तुमच्या बँकेने नव्हे. बँकेने तर पैसे काढल्याचा मेसेज पाठवला होता.

आणि ही हरवलेली पोच कधी दहा मिनिटांनी, कधी तासाभराने दुकानात पोचते. मग दुकान एकतर ऑर्डर लावतं, नाहीतर पैसे परत फिरवतं. तुमची ‘सकाळी लागलेली’ ऑर्डर अशीच उशिरा पोच मिळाल्यामुळे लागली.

आता तुमचा प्रश्न, चुकलं कुठे. एकाच जागी: पैसे कट झाल्याचा मेसेज डोळ्यांसमोर असताना दुसऱ्यांदा पिन टाकलात. तेवढंच. आणि तेही तुम्ही का केलंत ते मला कळतं. ‘फक्त २ शिल्लक’ ही पाटी माणसाला घाई करायला लावण्यासाठीच असते. कधी ती खरी असते, कधी खोटी. खोटी असेल तर ती फसवणूक आहे. केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी आहे, आणि खोटी घाई दाखवणं हे त्यात अगदी वरचं. पण खरी असली तरी मिक्सर उद्या दुसऱ्या दुकानात मिळतो. तेव्हा पैसे कट झाले आणि ऑर्डर दिसत नाही, की फोन खाली ठेवा. अर्धा-पाऊण तास. मग तीन ठिकाणी बघा: बँकेच्या खात्यात खरंच शिल्लक कमी झाली का, यूपीआय ॲपच्या इतिहासात तो व्यवहार यशस्वी, अयशस्वी की प्रलंबित दिसतो, आणि दुकानाच्या ॲपमध्ये ‘माझ्या ऑर्डर’ या पानावर काही आलं का. कार्ट, म्हणजे निवडलेल्या वस्तूंची टोपली, बघून ठरवू नका. ऑर्डर लागलेली असतानाही कार्टात ती वस्तू तशीच दिसत राहते, आणि तिथेच बरेच जण फसतात.

पैसे परत कधी? यासाठी भारतीय रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे, आणि ते तुम्ही तोंडपाठ करावं असं मला वाटतं. ऑनलाइन खरेदीत खात्यातून पैसे गेले पण दुकानाला पोच मिळाली नाही, मग व्यवहार कार्डाचा असो की यूपीआयचा, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत पैसे आपोआप खात्यात परत यायला हवेत. हे दिवस कॅलेंडरचे. रविवार, सणाची सुट्टी सगळं धरून. तुमचा व्यवहार ३ तारखेचा, म्हणजे मुदत ८ तारखेपर्यंत. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती तुम्ही मागितली नाहीत तरी बँकेने स्वतःहून द्यायची आहे. तुम्ही एखाद्या माणसाच्या खात्यात यूपीआयने पैसे पाठवले आणि त्याला मिळाले नाहीत, तर मुदत एकच दिवसाची. ती वेगळी, दोन्हींत गल्लत करू नका.

तुमच्या बाबतीत एक गाठ मात्र सोडवावी लागेल. दोन वेळा पैसे गेले, ऑर्डर एक. मग ऑर्डर कुठल्या पैशांवर लागली, पहिल्या की दुसऱ्या? प्रत्येक यूपीआय व्यवहाराला १२ आकडी क्रमांक असतो. ॲपच्या इतिहासात व्यवहारावर बोट ठेवलं की तो दिसतो, यूटीआर किंवा यूपीआय संदर्भ क्रमांक या नावाने. दोन्ही क्रमांक वहीत लिहून घ्या, पुढे वेळ लिहा. दुकानाला विचारा, माझ्या ऑर्डरवर यातला कुठला क्रमांक जमा आहे? ज्याची पोच दुकानाकडे नाही, त्याचे पैसे वरच्या नियमाने बँकेकडून परत येतील. दुकान म्हणालं की दोन्ही क्रमांकांचे पैसे आमच्याकडे आले, तर मामला बदलतो. मग ते ‘अयशस्वी व्यवहार’ राहत नाही, दुकानाने द्यायचा रिफंड होतो, आणि ५ दिवसांचा तो नियम तिथे लागत नाही. अशा वेळी दुकानाकडून दोन गोष्टी लेखी घ्या: रिफंड कुठल्या तारखेला सुरू केला आणि त्याचा संदर्भ क्रमांक काय. ‘५ ते ७ दिवसांत येतील’ एवढ्यावर समाधान मानू नका. क्रमांक हातात असला की बँकेतला माणूस तो शोधू शकतो. क्रमांकाशिवाय त्याच्याही हातात काही नसतं, हे मी त्या खुर्चीत बसून सांगतो.

सयाजीराव महाराजांनी १९०८ साली ज्या गावात बँक काढली त्या गावची आपण माणसं. पासबुक भरून आणायची आणि बोट ठेवून ओळ न् ओळ वाचायची सवय आपल्या आईवडिलांना होती. मेसेजवर विसंबू नका, ९ तारखेला पासबुक भरून आणा. परत आलेले पैसे तिथे जमेच्या रकान्यात दिसतील, बहुतेकदा त्याच १२ आकडी क्रमांकासह.

आता तुमचे वरचे ५० रुपये. तुम्ही वरून वस्तूची किंमत पाहिलीत, पण शेवटच्या पानावर ‘एकूण’च्या शेजारी एक छोटा बाण असतो, तो उघडून तपशील पाहिला नसावा. दोन शक्यता आहेत. एक, पत्ता कोथरूडचा टाकल्यावर डिलिव्हरीचा आकार लागला. पिनकोड ३९०००१ बदलून ४११०३८ केला की कधी विक्रेताच बदलतो, किंमत बदलते, घरपोच रोख देण्याची सोय जाते. म्हणून दुसऱ्या गावी पाठवायचं असेल तर वस्तू निवडण्याआधीच वर तिथला पिनकोड टाकायचा. शेवटी टाकला की असा गोंधळ होतो. दुसरी शक्यता, विमा किंवा देणगी असं काहीतरी आधीच टिक केलेलं होतं. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार दुकानाला आधीच टिक करून तुमची संमती गृहीत धरता येत नाही. तसं आढळलं तर ते पैसे हक्काने परत मागा.

कार्ड का नाकारलं गेलं, याबद्दल मला माझंच सांगावंसं वाटतं. दोन वर्षांपूर्वी जुन्या कार्डाची मुदत संपली, नवं घरी आलं. एटीएमला चाललं, किराणा दुकानातल्या मशिनवर चाललं. मग बायकोसाठी कमरेचा पट्टा ऑनलाइन मागवायला बसलो तर तीनदा नाकारलं. तिची कंबर धरलेली, तिला उठता येत नव्हतं, आणि मी दुकानाच्या नावाने चिडचिड करत होतो. शाखेत गेलो तर सर्व्हर डाउन असेल म्हणून परत पाठवलं. दोन दिवस गेले. कारण शेवटी बँकेच्या ॲपमध्ये सापडलं: कार्डाच्या सेटिंगमध्ये ‘ऑनलाइन व्यवहार’ हे बटण बंद होतं. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशिनपुरतं चालू करून द्यायचं असतं; ऑनलाइन, परदेशी आणि टेकवून पैसे देण्याची सोय ग्राहकाने स्वतः चालू करायची. नियम चांगला आहे, माझ्या कार्डाची चोरी झाली तरी चोर ऑनलाइन काही घेऊ शकणार नाही. पण कार्डासोबतच्या पाकिटात हे ठळक अक्षरांत लिहून द्यायला हवं. दोन दिवस तिने त्या दुखण्यात काढले, ते मला अजून सलतं. तुमचंही तेच असण्याचा संभव फार. बँकेचं ॲप नसेल तर एटीएमवर किंवा बँकेच्या फोनसेवेवरही हे बटण चालू करता येतं. तिथेच एका व्यवहाराची मर्यादा किती ठेवली आहे तेही पाहा. ती २,००० असेल आणि तुम्ही ३,८४९ देत असाल, तर खात्यात लाखभर असले तरी कार्ड नाही म्हणणार.

ओटीपीचं तुम्ही लिहिलं नाही, पण पुढे त्याच्याशी गाठ पडेल म्हणून सांगतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी मला एकदा बोलवायला आल्या, ओटीपी चुकीचा आहे असं सारखं सांगतोय म्हणाल्या. मी शेजारी बसून नुसतं पाहिलं. ओटीपी आला की त्या खरेदीचं पान सोडून मेसेजमध्ये जायच्या, आकडे कागदावर लिहायच्या, चष्मा सावरून परत यायच्या. तोवर फोनने ते पान पुसून नव्याने उघडलेलं असायचं. मग त्या ‘पुन्हा पाठवा’ दाबायच्या. आता मेसेज दोन, आणि त्या वरचा सोडून आधी लिहून ठेवलेला आकडा घालायच्या. नवा ओटीपी मागवला की जुना मेला, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही एवढंच केलं: मेसेज आला की पडद्याच्या वरच्या कडेला जी पट्टी उतरते, तिथेच सहा आकडे वाचायचे, पान सोडायचं नाही. पहिल्या फटक्यात झालं. ओटीपी येतच नसेल तर बँकेत कुठला नंबर नोंदवला आहे ते आधी पाहा. पुष्कळ घरांत तो जुना नंबर असतो, सिम कपाटात पडलेलं असतं.

बाकीच्या बारीक गोष्टी भराभर सांगतो. आकडे टाकताना कीबोर्ड वर येऊन खालचं ‘सबमिट’ बटण झाकतो. बटण नाही असं वाटतं, कीबोर्ड मिटवला की दिसतं. ब्राउझरने बँकेची खिडकी अडवली असेल तर जाहिरात अडवणारं ॲप बंद करा, किंवा दुकानाचं स्वतःचं ॲप अद्ययावत करून त्यातून करा. घरचं वायफाय रेंगाळत असेल तर ते बंद करून मोबाइलचा डेटा लावा, पण हे पिन टाकण्याच्या आधी. चाक फिरत असताना नेट बदलू नका आणि मागे जाण्याचं बटण तर मुळीच दाबू नका. फोनची तारीख-वेळ चुकलेली असली तरी पान उघडत नाही. फोन नवा असेल आणि यूपीआय नुकतंच चालू केलं असेल, तर पहिले २४ तास थोड्याच रकमेपर्यंत पैसे जातात. कूपन चालत नसेल तर किमान रक्कम पाहा. आणि रात्री साडेअकरा-बाराला मोठी खरेदी करू नका. बँका त्या सुमारास यंत्रणा दुरुस्तीला घेतात, तसे मेसेज आपल्याला येतात आणि आपण ते न वाचता पुसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तो फोन. इंटरनेटवर शोधून सापडलेला कस्टमर केअरचा नंबर दुकानाचाच असेल याची काही खात्री नसते. चोरटे तिथे आपले नंबर मुद्दाम पेरून ठेवतात, कारण पैसे अडकलेला घाबरा माणूस नेमका तिथेच येणार हे त्यांना ठाऊक असतं. नंबर घ्यायचा तो दुकानाच्या ॲपमधल्या मदतीच्या पानावरून, बँकेचा घ्यायचा तो कार्डाच्या मागून किंवा पासबुकावरून. शेवटचे चार आकडे सांगितल्याने काही होत नाही, ते तर पावतीवरही छापतात. ते ॲप टाकलं असतंत तर तुमचा पडदा त्याला दिसला असता, ओटीपीसकट. तुम्ही त्या क्षणी फोन ठेवलात. ताई, कितीतरी शिकलेली, इंग्रजी बोलणारी माणसं तिथे थांबत नाहीत. तुम्ही थांबलात, आणि ही गोष्ट मुलाला सांगायच्या वेळी सर्वांत आधी सांगा.

हे वाचणाऱ्या कोणी असं ॲप टाकलंच असेल, तर आधी नेट बंद करा, ॲप काढा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून कार्ड आणि यूपीआय थांबवा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर नोंदवा. इथे तास मोजले जातात. आणि पैसे परत मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही. रिफंडसाठी पिन टाका म्हणणारा चोर आहे.

मुलाला जरूर सांगा. तो रागावेल, रागावू द्या. त्याला हे पत्र वाचायला द्या आणि म्हणा, मला पुढच्या वेळी करून दाखवू नकोस, शेजारी बसून मला करू दे. आईच्या हातून फोन काढून घेऊन दोन मिनिटांत उरकणारी मुलं आईला शिकवत नाहीत, असं मी घरोघरी पाहतो आणि मला ते खटकतं.

९ तारखेला पासबुकात पैसे दिसले नाहीत तर यूपीआय ॲपमध्ये त्याच व्यवहारावर तक्रार नोंदवा आणि शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी फोन १४४४८. दुकानाने टाळाटाळ केली तर त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. तिथेही नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

दुकानाला आजच हे पाठवा, जसंच्या तसं उतरवून घेतलंत तरी चालेल:

‘३ तारखेला रात्री मिक्सरच्या एकाच ऑर्डरसाठी माझ्या खात्यातून प्रत्येकी ३,८४९ रुपये दोन वेळा गेले. यूपीआय क्रमांक पहिला अमुक, वेळ अमुक. दुसरा अमुक, वेळ अमुक. माझी ऑर्डर क्रमांक अमुक यातल्या कुठल्या पैशांवर लागली आहे ते लेखी कळवा. दुसरी रक्कम तुमच्याकडे जमा असल्यास रिफंडची तारीख आणि संदर्भ क्रमांक द्या, नसल्यास तसं स्पष्ट लिहा, म्हणजे मला बँकेला दाखवता येईल. ३,७९९ वरचे ५० रुपये कशाचे तेही कळवा. लागलेली ऑर्डर रद्द करू नये, ती कोथरूडच्या पत्त्यावर १९ तारखेच्या आत हवी आहे.’

शेवटचं वाक्य गाळू नका. तक्रार आली की दुकानं कधी कधी ऑर्डरच रद्द करून टाकतात.